पेटीतली झोप

वय एकावन्न, डोक्यावरचे केस गेलेले, हाताखाली दोन माणसं, तरी घरात त्याचं नाव छोट्याच. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. बारा मजली अंधाऱ्या खड्ड्यात पट्ट्याला लटकून काम करायचं आणि खाली उतरून निवांत चहा प्यायचा, हा त्याचा रोजचा धंदा. असा माणूस एमआरआयच्या नळीत घातला की चौथ्या मिनिटाला घामाघूम होऊन, मशीन थांबवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबतो आणि मोजे न घालताच पळत सुटतो, हे कुणाला सांगून पटलं नसतं. मागच्या मंगळवारी अगदी तेच झालं होतं.

म्हणून आज ताई सोबत आली होती. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं दोन महिन्यांपासून बधिर होती. परवा हातातून पाना सुटला आणि थेट सात मजले खाली गेला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मानेत शीर कुठे दाबली गेलीय ते दिसल्याशिवाय मी काही करणार नाही, आणि उशीर केलात तर बोटं परत येतील याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोटं गेली की काम गेलं, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी अंतराळाची मालिका चालू होती. ताईला तेवढं निमित्त पुरे झालं.

"हल्लीच्या मालिकांत नुसता लखलखाट. माणसांना बसून दोन शब्द बोलायला वेळ नाही. आपली पेटीवाली आठव. थर्माकोलच्या भिंती होत्या, पण जीव होता त्यात."

पेटीवाली म्हणजे त्यांच्या लहानपणी दर रविवारी सकाळी लागणारी मालिका. एक यान दूरच्या ग्रहाकडे निघालेलं, प्रवास शंभर वर्षांचा, म्हणून कॅप्टन सगळ्यांना पेट्यांमध्ये झोपवून ठेवतो. तिचं खरं नाव आता दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"कसला जीव," छोट्या म्हणाला. "यान चालवायच्या दांड्यावर कुकरची शिटी लावलेली होती. मी तेव्हाच ओळखली होती."

"तुला ती कधी आवडलीच नाही."

"आधी आवडायची."

ताईच्या कानावर ते गेलंच नाही. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे समोरच्याचं अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपणच भरायचं, अशी तिला सवय लागली होती. छोट्याचं लक्ष आतल्या जाड दाराकडे होतं. तळहात शर्टाला पुसून पुसून शर्टाची कड ओली झाली होती.

मशीन चालवणारी मुलगी बाहेर आली. मागच्या खेपेचं तिला आठवत असावं.

"काका, आज जमेल ना? पंचवीस मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"न जमायला काय झालं?" उत्तर ताईनेच दिलं. "हा कुठेही झोपतो. आठ वर्षांचा होता तेव्हा यान-यान खेळताना मी याला अंथरुणाच्या पेटीत बंद केलं होतं. तासाभराने उघडलं, तर गडी गाढ झोपलेला."

हा किस्सा ताई चाळीसेक वर्षं सांगत आली होती. चार नातेवाईक जमले की तो निघायचाच, सगळे हसायचे आणि छोट्याही हसायचा. आज त्याला हसू फुटेना.

"मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"कधी?"

"पेटीत. मालिकेत नियम होता ना, कॅप्टनने झाकणावर आधी तीन आणि मग दोनदा वाजवेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर पेटीतली हवा संपते. तू कडी लावलीस आणि शेजारी टीव्ही बघायला गेलीस. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीचं संगीत, शेवटचं संगीत, मग बातम्या. आईने दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही."

"पण मी उघडलं तेव्हा तुझे डोळे..."

"तू नुसतं झाकण उघडलंस. वाजवलं नाहीस."

ताई त्या मुलीकडे वळली.

"आत सोबत थांबता येतं का?"

"येतं. अंगावर धातूचं काही नको."

ताईने केसांतले आकडे काढले, कानातलं काढलं. बोटातली अंगठी निघेना, तेव्हा बेसिनवर जाऊन साबण लावून ओढून काढली. मुलीने तिला कागदावरचे दहा प्रश्न विचारले, कानात घालायला बोळे दिले आणि दोघांना आत घेतलं.

छोट्या आडवा झाला. चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा सांगाडा बसला आणि खट्ट वाजलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. फळी सरकत नळीत गेली आणि नाकापासून चार बोटांवर छत आलं. दोन्ही टोकं उघडी आहेत, आत पंखा आहे, हवा संपणार नाही, हे त्या लिफ्टवाल्याला चांगलं ठाऊक होतं, पण त्या माहितीचा काडीचा उपयोग होईना. मागच्या वेळेसारखाच उजवा अंगठा रबरी फुग्यावर जाऊन बसला. तेवढ्यात त्याच्या पायाचा अंगठा कुणीतरी मुठीत घट्ट धरला.

मशीन ठोकायला लागलं. कधी भराभर, कधी धीमं, कधी कवटीत खिळे मारल्यासारखं. त्या सगळ्या गोंधळात छोट्या तीन आणि दोन शोधत होता. शंभर ठोके पडले, तीन आणि दोन काही आले नाहीत. तो मनातल्या मनात ताईच्या बोटांची पकड मोजत राहिला. मिनिटं जात होती.

आणि पकड सुटली.

आधी वाटलं, ती हात बदलत असेल. मग पायाला गार हवा लागली. गेली. तिला फोन आला असेल, कुणी बोलावलं असेल. काही का असेना, ती गेली आणि कडी लावलेली आहे. घाम कानांत उतरला. तो पुन्हा आठ वर्षांचा झाला होता, आणि आठ वर्षांच्या मुलाला ओ न देणं तेवढं पक्कं येत होतं. अंगठा फुग्यावर रुतला. दाबला तर आजचाही दिवस फुकट जाणार, आणि तिसऱ्यांदा आपण इथे पाऊल टाकणार नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं.

ठोके थांबले. कानाशी त्या मुलीचा आवाज आला.

"काका, आता शेवटची पाच मिनिटं. ठीक आहात?"

बोलायचं नाही, असं सांगितलं होतं. छोट्याने जीभ टाळूवरून कशीबशी सोडवली.

"ताई आहे का तिथे?"

"आहेत की. पायाशीच उभ्या आहेत. रडत होत्या ना, त्या हुंदक्यांनी तुमचा पाय हलायला लागला, म्हणून मीच काचेतून खूण करून हात काढायला लावला."

पाच मिनिटं तो मान न हलवता पडून राहिला. भीती कुठेही गेली नव्हती. फुगा मात्र त्याने दाबला नाही.

फळी बाहेर आली. मुलीने सांगाडा काढला, सुटलात म्हणाली. छोट्याने डोळे उघडले नाहीत. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डोक्याशी, फळीच्या कडेवर कुणीतरी वाजवलं. तीन वेळा, आणि थांबून दोन वेळा.

त्याने डोळे उघडले. ताईचं नाक लाल झालं होतं आणि केस सुटून तोंडावर आले होते.

बाहेर बाकावर बसून तो बूट घालायला लागला. डाव्या हाताला नाडी सापडेना. ताई त्याच्यासमोर खाली बसली आणि नाडी तिने हातात घेतली.

"त्या दिवशीच्या भागात काय झालं होतं?" त्याने विचारलं. "माझा तेवढाच एक भाग बुडला."

ताईने बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत रे," ती म्हणाली. "काहीसुद्धा नाही आठवत."

आणि खाली मान घालून ती त्याच्या बुटाची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत राहिली.