गोलात बोललेलं

मुलं भांडली की लगेच घरी धाडायचं नाही, आधी गोलात बसवायचं, अशी ओकलंडच्या त्या शाळेत नवी पद्धत आली होती. हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं. बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणून ती पुढे द्यायची. गोल चालवायचे विद्यार्थ्यांनीच, आणि त्यांत कॉरिंथिया सगळ्यांत हौशी. वस्तू म्हणून तिने आजीचा लाकडी चमचाच घरून उचलून आणला होता.

रेशॉन तिचा मावसभाऊ. जेवणाच्या रांगेत त्याची आणि कॉलबी नावाच्या गोऱ्या मुलाची ढकलाढकली झाली, पण तो गोलात यायलाच तयार नव्हता. आणखी एकदा निलंबन झालं की त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होणार होती.

“काळ्या पोराने कबूल केलं की तो गुन्हा होतो गं,” तो तिला म्हणाला. “गोऱ्याने केलं की ‘या वयात चालायचंच’.”

“अरे, इथलं इथेच राहतं. माझा गोल आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?”

“तुझ्यावर आहे गं. त्या टायवाल्यावर नाही.”

टायवाले म्हणजे उपमुख्याध्यापक हॅल्डेन सर. तेही मान डोलावत गोलात बसले होते. तिच्या शब्दाखातर आलेल्या रेशॉनने चमचा घेतला आणि सगळं सांगून टाकलं. आधी कॉलबीने ढकललं, मग आपण, रागाच्या भरात, जोर लावून; त्याला लागलं याचं वाईट वाटतंय. कॉरिंथियाचे डोळे भरून आले. चमचा कॉलबीकडे गेला.

“पास,” कॉलबी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेशॉनचं निलंबन झालं. कॉरिंथिया तणतणत हॅल्डेन सरांच्या खोलीत शिरली.

“सर, गोलातलं बाहेर न्यायचं नसतं ना?”

“त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी ऐकलंच नाही असं कसं करू?”

“आणि कॉलबी?”

“तो कुठे काही बोलला?”

रेशॉनने तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लॉकर रिकामा करताना तो एवढंच म्हणाला, “छान चालवतेस हां गोल.” तो चिडलेलाही नव्हता. आपणच त्याला हाताला धरून तिथे नेऊन बसवलं, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

सोमवारी पुन्हा गोल भरला. हॅल्डेन सर त्याच खुर्चीत. या वेळी चमचा झुरीकडे आला, नववीतली काळी पोर, वर्गात बाईंना उलट बोलली म्हणून आणलेली. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“ताई, मी सांगेन ते इथेच राहील ना?”

सगळे कॉरिंथियाकडे बघू लागले. हॅल्डेन सरांनी मान डोलावली.

“पास म्हण,” कॉरिंथिया म्हणाली.