ऑपरेशनआधीची चुगली

माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, खोटं बोलत नाहीत. फक्त विहीण समोर असली की खरं बोलायचं विसरतात. माझ्या धाकट्या दिराचं, विनीतचं, सोनियाशी लग्न नुकतंच ठरलेलं. मुलीकडे आजारपण कळवायचं नाही, असं आईंचं फर्मान होतं. पण विनीतच्या पोटात काही राहील तर शपथ! ऐन हर्नियाच्या ऑपरेशनच्या सकाळी सोनियाच्या आई, मायाबाई, अंबरनाथहून शहाळी घेऊन बदलापूरच्या हॉस्पिटलात हजर.

"अहो, किरकोळ आहे. एरवी मी आयुष्यात गोळी घेतली नाही," आई पलंगावरून म्हणाल्या. गोळ्यांचा डबा त्यांच्याच उशाखाली होता.

तेवढ्यात सिस्टर आली. "मावशी, जखमेत पू होऊ नये म्हणून चिरा देण्याआधी हे अँटिबायोटिकचं इंजेक्शन. कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"छे! आमच्या घराण्यात कुणालाच नाही."

मागे पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतल्यावर आईंचा चेहरा टम्म फुगला होता, श्वास अडकला होता. रिक्षात मीच त्यांना धरून बसले होते. बोलावं तर विहिणीसमोर नाक कापलं जाणार, न बोलावं तर सासूच जाणार. कितीही खाष्ट असली, तरी मला ती हवी होती.

"थांबा सिस्टर! यांना पेनिसिलिन चालत नाही. मरता मरता वाचल्यात!"

"चुगलखोर मेली," आई पुटपुटल्या. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाली.

मायाबाईंनी शहाळं खाली ठेवलं. मला वाटलं, मोडलं लग्न.

"अगं बाई," खुर्ची पुढे ओढत त्या म्हणाल्या, "मला सल्फाची गोळी चालत नाही. अंगभर गांधी उठतात! पोरीच्या लग्नात अडचण नको, म्हणून बोलले नाही."

हर्निया विसरून आई ताडकन उठून बसल्या. "गांधीच ना? माझा श्वास बंद झालेला!"

"मला शुगरपण आहे हो."

"माझं बीपी बघा मग!" वरपक्षाने मागे राहायचं कसं?

डॉक्टरांनी हसू दाबत सगळं विचारून घेतलं आणि औषध बदललं. थिएटरच्या दारात सिस्टरने पुन्हा विचारलं, "मावशी, अजून काही लपवलं नाही ना?"

आईंनी माझा हात घट्ट धरला. "माझ्या सुनेला विचारा. माझं सगळं तिलाच ठाऊक, चुगलखोर मेलीला."

मी हसता हसता रडले, आणि उशाखालच्या डब्याचंही सांगून टाकलं.