समाजाचं सोयाबीन

सोयाबीनचा एक दाणा – फुगलेला, ओलसर, नेमका फ्री थ्रोच्या पांढऱ्या रेषेवर – आणि महानंदाची नजर त्याच्यावरून वर उठेना, कारण वर उठली की त्याची सगळी भावकी दिसणार होती : चाळीस क्विंटल, बास्केटबॉलचं अख्खं कोर्ट पिवळं. उद्या लातूरला पोरींची जिल्हा निवड, आज शेवटचा सराव, आणि जे मैदान तिनं तीन वर्षं उदगीरचे उंबरे झिजवून, संस्था काढून, पोरींकडून रुपया न घेता चालवलं, तिथं आडत्याचं खळं! डोक्यात असा जाळ, की किल्लारीचा साखर कारखाना त्यावर हंगामभर चालावा आणि वर शेजारच्या गावाला शेकायला उरावा.

माल आडते शरणप्पांचा. संस्थेचे अध्यक्ष, उदगीरला खाकरले तर बिदरची कबुतरं उडतील असा गळा. सकाळी फोनवर मात्र लोणी.

"महानंदाबाई, पावसानं माल भिजला ओ. दोन दिसाचा सवाल हाय. मैदान समाजाचं म्हणता नं? मग म्या काय समाजाच्या भाईर हाय?"

"अप्पा, भाडं तरी..."

"छ्या! नफा कमवायचा न्हाई, हे तुम्हीच लिहिलं की कागदावर. पैसे देऊन तुमचा धर्म कशाला बुडवू?"

आणि मी हसले, महानंदाच्या मनात आलं. दाताखाली शिवी होती, सरळ, धारदार, आणि मी 'हाव अप्पा' म्हणून हसले...

"पायानं सारा!" ती पोरींवर ओरडली. "मधे जागा करा. हातानं करत बसलात तर अंधार पडेल."

बारा जणी बूट बांधून कडेला उभ्या. एक हलेना.

"मॅडम, अनाज हाय," कप्तान सादिया म्हणाली. "पाय कसा लावू? अम्मी जित्ती सोडणार न्हाई."

"अम्मीला मी सांगते. बघा, असं...!"

ती तरातरा कडेपर्यंत गेली, आणि पोरी तिच्या पायांकडे का बघतायत म्हणून तिनंही पाहिलं – पाय उघडे होते. बूट हातात. लेस कधी सोडली? कुणी सांगितलं होतं? ...ज्वारीची रास, सात वर्षांची ती, उडी, आणि आईची चपराक : 'धान्याला पाय लावतीस, सटवे?' – गाल अजून गरम आहे की काय!

शरणप्पांवरचा राग सोपा होता. त्याला पोट होतं, मिशा होत्या, फोन नंबर होता. पण हा दुसरा राग टाचांतून वर चढत होता आणि त्याला तोंडच नव्हतं. म्हाताऱ्यानं कुलूप लावलं नव्हतं, माणूस बसवला नव्हता. नुसता माल पसरला, आणि निवांत झोपला असेल. त्याला ठाऊक होतं. बारा पोरी आणि त्यांची ही मॅडम... सगळ्यांचे पाय त्याला आधीच ठाऊक होते.

"मग काय करायचं, मॅडम?" सादियानं विचारलं.

महानंदाचा एक पाय दाण्यांवर अधांतरी होता. आणि तो खाली टेकवावा असं तिला इतकं वाटत होतं, की तिला स्वतःचीच भीती वाटली.