आईचं शेवटचं वाक्य

"पण बाई, आपली भाषा तुम्ही इतकी सफाईदार शिकलात कुठे?" संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"आपली म्हणजे कोणाची? मी तर आईच्या पोटातूनच घेऊन आले."

संपादक हसले. ती हसली नाही. इस्पितळाच्या शिवणखात्यात चादरींना टीप मारणारी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, ती काही कौतुक ऐकायला नाही. आईवर लिहिलेली तिची कथा टेबलावर पडली होती. छापणार की नाही, एवढं बोला.

"छापणार म्हणजे काय! अहो, शेवट! ज्यू म्हातारी मरताना म्हणते, 'गॅस बंद कर.' काटा आला अंगावर. फक्त मध्ये दोन ओळी घाला. हिटलरची छावणी, गॅसच्या कोठड्या, धूर वगैरे. वाचकाला धागा मिळेल."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने कागद आपल्याकडे ओढले.

"अहो, दूध होतं गॅसवर! उतू जाईल म्हणून ओरडली ती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, कोकणातले ज्यू; आमच्या घरातलं कुणी त्या छावण्यांत नव्हतं. दुसऱ्यांची मढी माझ्या आईच्या तोंडात का कोंबू?"

"बाई, नुसतं दूध कोण वाचणार?"

परदेशी स्थायिक झालेल्या धाकट्या भावालाही दूध नकोच होतं. आई गेली तेव्हा त्याने फोनवर विचारलं होतं, "ताई, आई जाताना 'शेमा' म्हणाली ना गं? आपली माणसं तीच प्रार्थना म्हणत जातात." तिने खरं सांगितलं, तर म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस."

तिने कागद उचलले. "राहू दे. माझ्या आईला मरायचं कसं, हे तुम्ही शिकवू नका."

घरी येऊन तिने दूध तापत ठेवलं. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी याच वेळी आतल्या खोलीतून तिची हाक यायची, "गॅस बंद कर." भास म्हणा, काहीही म्हणा. ती "हो गं बाई, करते" म्हणायची आणि हसायची. त्या हाकेपायीच तर लिहायला बसली होती.

आजही आवाज आला. "गॅस..."

संपादकांचा तो धूर तिच्या डोळ्यांपुढे आला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आईची भीती वाटली.

पुढचे शब्द आलेच नाहीत. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर चरचरलं.

"आई?"

तिने आपणहून गॅस बंद केला.