लालबाबांचं बिनग्रुपचं रक्त

दवाखान्याच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली होती आणि सगळी एकाच काचेच्या वाडग्याकडे डोळे फाडून बघत होती. वाडग्यामागे लालबाबा बसले होते. त्यांनी बाटलीतलं स्वच्छ पाणी रिकाम्या वाडग्यात ओतलं, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि पाणी लाल झालं!

"रक्त! रक्त!" गर्दी ओरडली. एक काकू तर आनंदाच्या भरात माझाच खांदा बडवू लागल्या.

मी या दवाखान्याचा लिफ्टमन. लिफ्ट बंद पडून सहा वर्षं झाली, मी मात्र चालू आहे. स्ट्रेचर, ऑक्सिजनच्या टाक्या, जेवणाचे डबे, सगळं माझ्या खांद्यावरून जिन्याने वर जातं. त्यामुळे आपोआप घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास उरलेला नाही.

"लोकहो, रक्त दिलं की आयुष्य गळतं," बाबा सांगत होते. "माझं रक्त आकाशातून येतं. ना सुई, ना वेदना!"

"ग्रुप कुठला?" मी विचारलं.

"सर्व ग्रुप, बाळ, सर्व ग्रुप!"

बाळाचं वय चोपन्न. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण वर पहिल्या मजल्यावर शिंप्याची बायको बाळंत झाली होती. मुलगी ठणठणीत होती, आईचं रक्त मात्र थांबत नव्हतं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं दिली, पोट दाबून धरलं, फ्रीजमधली एकुलती एक पिशवी चढवली आणि दारात येऊन नातेवाइकांना सांगितलं, "रक्त थांबवायचं मी बघते. गेलेलं भरून काढायचं तुमच्या हातात आहे. तासाभरात दोन पिशव्या मिळाल्या नाहीत तर ती हाती लागणार नाही. कोण देतंय?"

शिंपी भिंतीकडे बघू लागला. त्याचा भाऊ जिन्याकडे बघू लागला. आयुष्य गळण्याची गोष्ट दोघांनीही खाली ऐकली होती. सासूबाईंनी मात्र टेबलावरची नवी पिशवी उचलली आणि तरातरा अंगण गाठलं.

आता, रक्ताची नवी पिशवी अगदी रिकामी नसते. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात पाण्यासारखं दिसणारं थोडं औषध आधीच भरलेलं असतं. सासूबाईंना ते दिसलं मात्र, त्या किंचाळल्या, "अगंबाई! बाबांचं पाणी पिशवीत आधीच येऊन बसलंय!"

बाबांनाही ही बातमी नवीनच होती, पण त्यांनी शांतपणे मान डोलावली. "मीच पाठवलं. आण, भरून देतो. सुनेला चढव." आणि त्यांनी पिशवीची नळी कापली.

मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर पळालो. लॅबवाली ताई हात धूत होती. "ताई, तो वाडग्यातलं पाणी पिशवीत भरतोय, आणि ही मंडळी ते खरंच चढवायला लावतील!" ती साबणाच्या हातांनीच धावली. बाबांनी पुढच्या चमत्कारासाठी दुसरा कोरा वाडगा मांडून ठेवला होता. ताईने तो बाजूला सरकवायला उचलला आणि तिची बोटं गुलाबी झाली. तिने बोटांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि तिच्या गालाला खळी पडली.

"भरा की बाबा," ती म्हणाली.

"ताई!" माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"भरू द्या, काका. फक्त आमच्याकडे तपासल्याशिवाय कुठलंच रक्त चढत नाही. तपासणी इथेच होईल, सगळ्यांसमोर."

तिने नळीला सिरिंजचं नळकांडं नरसाळ्यासारखं लावलं. बाबांनी ऐटीत लाल पाणी ओतलं. नळी लाल झाली. चाळीस माना पुढे झुकल्या. लाल धार पिशवीत उतरली आणि पाण्यासारखी बिनरंगी झाली! बाबांनी आणखी ओतलं. तेही बिनरंगी.

"बाबांच्या रक्तालाच रक्तक्षय झाला की हो!" फाटकाजवळचा चहावाला ओरडला आणि अंगणभर हशा पिकला.

"काका, हात," ताई म्हणाली. तिने माझं चमचाभर रक्त काढून त्याच पिशवीत सोडलं. पिशवी लाल झाली आणि लालच राहिली.

"या औषधात लिंबासारखा आंबटपणा असतो," ताईने सांगितलं. "बाबांच्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी आहे आणि वाडग्याला आतून एक पांढरी पूड फासली आहे. ती पूड सोड्यात लाल होते, साबणाने गुलाबी होते, आंबटात रंग सोडते. पूर्वी ती जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे."

काल बाबांचं लाल पाणी प्यालेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कालच्या दुपारचा उलगडा त्यांना आत्ता झाला!

मग लोक बाह्या सरसावून बाबांकडे निघाले. वरच्या खिडकीतून डॉक्टरबाई ओरडल्या, "खबरदार! कुणाचं डोकं फुटलं तर त्यालाही रक्त लागेल, आणि माझा फ्रीज रिकामा आहे!" तेवढ्यात बाबांनी काढता पाय घेतला. वाडगे तिथेच राहिले.

सासूबाई दंड पुढे करून म्हणाल्या, "माझं घे. सगळं घे." ताईने तपासलं. त्यांच्यात हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की त्यांनाच उपचार हवे होते. "म्हणजे मी नापास?" त्यांनी विचारलं आणि रडू लागल्या. माझा ग्रुप एबी, म्हणजे सगळ्यांकडून घेणार, पण देणार फक्त एबीलाच. मला स्वतःचाच राग आला. शिंप्याचा ग्रुप जुळला. तो मान खाली घालून खाटेवर आडवा झाला. दुसरी पिशवी चहावाल्याने दिली. त्याचं त्या घराशी नातं एवढंच, की सकाळी शिंपी त्याच्याकडे चहा प्यायला होता.

तपासण्या झाल्या, पिशव्या चढल्या. रक्त हळूहळू थांबलं. संध्याकाळच्या सुमारास शिंप्याच्या बायकोच्या ओठांवर रंग आला आणि तिने मुलीला जवळ मागितलं. मला इतका आनंद झाला की काहीही काम नसताना मी जिना दोनदा चढलो-उतरलो.

वाचकहो, रक्त वाडग्यात बनत नाही, आकाशातून पडत नाही, अजून कुठल्या कारखान्यातही तयार होत नाही. ते बनतं माणसाच्या हाडांच्या आत, आणि धडधाकट माणसाने दिलेलं पुन्हा भरून येतं. त्या चाळीस जणांना चमत्काराची वाट बघत उन्हात तासभर उभं राहता आलं. सुईसाठी दहा मिनिटं आडवं व्हायला मात्र आधी एकही जण तयार नव्हता. त्या तासात एक आई विझत चालली होती. पुढच्या वेळी कुणी हवेतून रक्त काढून दाखवलं तर टाळ्या वाजवू नका. बाही वर करा आणि विचारा, "ताई, माझा ग्रुप कुठला?"