नऊ खुंट

बारक्याचं केस कापायचं दुकान होतं. वय बेचाळीस, पण मोठ्या बहिणीसाठी तो बारक्याच. दुकानात खुर्ची एकच, पण काम असं चोख की कुणाचा एक केस वर आलेला दिसला तरी याचे हात शिवशिवायला लागायचे.

ताई दवाखान्यात होती. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. घराची किल्ली आणि खिडकीतली होया नावाची फुलवेल बारक्याच्या गळ्यात पडली होती. मेणात बुडवून काढल्यासारखी जाड पानं, तारेवर चढवलेली. सहा वर्षं ताईने लेकरासारखी जपली, तेव्हा कुठे मागच्या वर्षी बाईसाहेब फुलल्या. ताईने सगळी गल्ली बोलावून दाखवली होती.

त्यामुळे रोज फोन.

"कळ्या दिसतायत का रे?"

"दिसतील की, ताई."

"माती सुकल्याशिवाय पाणी नाही. आणि कुंडी हलवू नकोस, रुसते ती."

बारक्याने सगळं ऐकलं. पण पानांच्या बेचक्यात बोटाच्या पेराएवढे वाळके, बोडके खुंट होते. ना पान, ना फूल. गालावर राहिलेल्या दाढीसारखे. ते काही त्याला बघवेनात. रविवारी निवांत बसून त्याने सगळे छाटले. मोजून नऊ. पांढरा चीक ओघळला, तो फडक्याने टिपला. वेल कशी टापटीप दिसायला लागली!

सोमवारी रोपवाटिकेतले माळीकाका दाढीला आले. बारक्याने कौतुकाने सगळं सांगितलं.

"कुठले खुंट?" काकांनी आरशातून विचारलं.

"ते वाळके हो. काही येत नाही त्यांना."

काका ताडकन उठून बसले, अर्ध्या गालावर फेस. "आधी तो वस्तरा लांब धर! अरे शहाण्या, फुलं झडली की देठ तसाच राहतो. पुढच्या वर्षी त्याच्यावरच परत फुलतं. किती ठेवलेस?"

"एकही नाही."

"मग यंदा फुलाचं नाव काढू नकोस. नवे देठ यायला वर्ष जाईल."

"चिकटवता नाही का येणार?"

"गिऱ्हाइकाची मिशी कापली की चिकटवतोस का?"

बारक्याने वस्तरा परत चालवला. त्यात काकांचा उजवा कल्ला वर गेला. तो सारखा करायला डावा घेतला, तर तो आणखी वर. "राहू दे बाबा," काका म्हणाले, "कान तरी ठेव."

दुपारीच दुकान बंद करून तो ताईच्या घरी गेला. कंगव्याने पान न् पान उचलून बघितलं. एखादा तरी राहिला असेल? छे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातसफाईचा राग आला.

तेवढ्यात फोन.

"बारक्या, मी उद्या घरी येतेय."

"उद्या? डॉक्टर तर म्हणाले अजून दहा दिवस."

"ठोके नीट पडत नाहीत म्हणे. ते त्यांचं त्यांना. आपल्या जबाबदारीवर सही करून निघता येतं, कागद समोरच आहे. मागच्या वर्षी याच आठवड्यात फुलली होती. ती फुलणार आणि मी इथं छत बघत पडू?"

बारक्याने बोडक्या वेलीकडे बघितलं. सांगावं, तर आधीच दुखरं काळीज. न सांगावं, तर ही उद्या दारात. इकडे आड, तिकडे विहीर.

"ताई, जवळ नर्स आहे का?"

"आहे. का रे?"

"तिला जरा तिथंच थांबव."

"काय केलंस, बारक्या?"

"ते खुंट... फुलांचे. मला वाटलं, वाळलेत. छाटले."

पलीकडे यंत्राची टुक टुक. बारक्या एकेक मोजत राहिला. दोन टुकांमध्ये जरा अंतर पडलं की त्याच्या कपाळावर घाम.

"सगळे?"

"सगळे. यंदा फुलणार नाही ती."

"सहा वर्षं रे."  मग म्हणाली, "मग उद्या येऊन काय करू? तुझं थोबाड बघू?"

आणि फोन बंद.

बारक्या खिडकीखाली फरशीवर बसला. परत फोन करायची हिंमत होईना. वीस मिनिटांनी दवाखान्यातून नर्सचाच आला.

"त्यांनी कागद परत दिला. सही नाही केली."

"आणि ठोके?"

"आहेत तसेच. बिघडले नाहीत."

"रडतेय का?"

 "रडू द्या ना थोडं. आम्ही आहोत इथं."

"बरं," बारक्या म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून बसून राहिला.