कडेला काढलेला घास

राजाभाऊंना चीनबद्दल काही विचारायचं नाही, हे न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळात एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. विचारणारा अडकायचा. ‘तिकडचा सगळा माल डुप्लिकेट’ असं कुणी म्हटलं की राजाभाऊ भडकत, आणि ‘आपण त्यांच्याकडून शिकायला हवं’ असं कुणी म्हटलं की त्याहून जास्त भडकत. वीस वर्षं ते शांघायजवळच्या एका छोट्या शहरात, जर्मन कंपनीच्या कारखान्यात क्वालिटी बघत होते. गेले तेव्हा गेटपर्यंत चिखलाचा रस्ता होता, निघाले तेव्हा गेटसमोरून मेट्रो जात होती. ‘हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही मोबाइलवर पाहिलंय,’ हे त्यांचं पालुपद. शेवटी मंडळाच्या क्षितिजने त्यांचं रीतसर भाषणच ठेवून टाकलं, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, स्लाइड्ससकट. म्हणजे निदान बाकीच्या कार्यक्रमांना लोक सुखाने जेवतील.

नेमकं त्याच दिवशी दुपारी युन जेवायला येणार होती.

युन म्हणजे त्यांची मुलगीच म्हणायची, फक्त जन्म दुसरीकडचा. तिची आई गुइलान राजाभाऊंच्या खात्यात भिंगाखाली सुटे भाग तपासायची. राजाभाऊ आणि शोभना यांना मूलबाळ नव्हतं. युन आता स्वतः इंजिनीयर झाली होती, आणि तिच्या चिनी कंपनीने तिला न्युरेम्बर्गच्या नव्या ऑफिसात यायला सांगितलं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जागा बघायला म्हणून ती चार दिवस आली होती, पण फोनवर काही धड सांगत नव्हती. शोभनाने पंधरा दिवसांपासून देव पाण्यात घातले होते. पोर इथे राहायला आली तर म्हातारपणाला घरात कुणाची तरी चाहूल राहील, एवढंच तिला हवं होतं. राजाभाऊंच्या मते तर यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गावातून बसने आलेली मुलगी युरोपचं ऑफिस सांभाळणार, यापरती प्रगती ती कोणती?

युन आली ती लांब कोटात, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. तिने दारातच शोभनाला ‘काकू’ म्हणून मिठी मारली. पुढचं बोलणं अर्थात चिनीत. शोभनाचं चिनी स्वयंपाकघरापुरतंच, पण त्या स्वयंपाकघरात युनचं निम्मं बालपण गेलं असल्यामुळे दोघींचं कुठे अडत नसे.

पानं वाढली. पोळी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वरणभात. राजाभाऊंनी सवयीने पाण्याचा हात फिरवून ताटाबाहेर चित्राहुती घातली. युनने पोळीचा तुकडा मोडला, बोलता बोलता ताटाच्या कडेला ठेवला, आणि मग जेवायला लागली. शोभनाने राजाभाऊंकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

त्या तुकड्यामागे एक भानगड होती. चीनमधल्या पहिल्याच वर्षी गुइलानने दोघांना जेवायला बोलावलं होतं. एका खोलीचं घर, पण शाकाहारी पाहुणे म्हणून टोफू, पालेभाज्या, वाफवलेले पाव असं किती तरी केलेलं. राजाभाऊ सदाशिव पेठेत वाढलेले, पानात टाकलं तर आजोबा उठू द्यायचे नाहीत. त्यांनी सगळं चाटूनपुसून संपवलं. गुइलानच्या गावची रीत उलटी. पाहुण्याने बशी रिकामी केली म्हणजे त्याचं पोट भरलेलं नाही, यजमानीण कमी पडली. ती उठली आणि नूडल्स करून घेऊन आली. राजाभाऊंनी त्याही संपवल्या. ती परत उठली. दोघंही हटेनात. त्या रात्री राजाभाऊ घरी येऊन जे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. गुइलान मात्र आठवडाभर खात्यात तोंड पाडून होती, की या माणसाला आपण जेवू घालू शकलो नाही.

पुढे गावाकडची आजी गेली आणि नऊ वर्षांची युन आईकडे आली. बाप दुसऱ्या शहरात इमारतींच्या कामावर. गुइलानला दुसरी पाळी लागली, तेव्हा ती संत्र्यांची पिशवी घेऊन शोभनाच्या दारात उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, मुलीला संध्याकाळी तुमच्याकडे सोडू का? शोभनाला तेव्हा चिनीचा एक शब्द कळत नव्हता. तिने पिशवी घेतली नाही, पोरीचा हात घेतला.

मग पोरीची पंचाईत सुरू झाली. आई म्हणायची, दुसऱ्याकडे थोडं टाकावं. काकू म्हणायची, पानात काही टाकायचं नाही. दोन दिवस पोर शेवटच्या घासाशी येऊन रडायची. तिसऱ्या दिवशी तिने काकांची चित्राहुती पाहिली, आणि तिने आपलाही एक तुकडा आधीच कडेला काढून ठेवला. आईचंही राहिलं आणि काकूचंही. तोच तुकडा आज इतक्या वर्षांनी न्युरेम्बर्गला आला होता.

जेवता जेवता राजाभाऊंना धीर धरवेना. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप ओढला आणि स्लाइड्स दाखवायला सुरुवात केली. चिखलाचा रस्ता, मेट्रो. सायकलींची गर्दी, विजेच्या गाड्या. आणि शेवटी त्यांचा हुकमी एक्का. नऊ वर्षांची युन, नाक वाहतंय, स्वेटरच्या बाह्या बोटांवरून लोंबतायत, हातात पोळीची गुंडाळी. शेजारी आजची युन, ब्लेझरमध्ये. तिने संध्याकाळी हॉलवर यावं आणि या स्लाइडला नुसतं उभं राहावं, लोकांचे डोळे दिपतील, असं त्यांनी सांगून टाकलं.

युन बराच वेळ फोटो बघत राहिली. मग तिने हळूच स्क्रीन मिटली.

“काका, हा नका दाखवू.”

राजाभाऊंचा पारा चढायला वेळ लागत नाही. यात लाजायचं काय, गरिबी म्हणजे काय पाप आहे का, असं त्यांनी सुरू केलं. शोभनाने “अहो, तिला बोलू द्या,” म्हटलं तेव्हा कुठे ते थांबले.

लाज नाही वाटत, युन म्हणाली. पण या फोटोत आई नाही. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतील, आणि आई तेव्हा कुठे होती ते कुणी विचारणार नाही. आई तुमच्या खात्यात होती, काका, भिंगाशी. आता तिला फोन नाकाला लावून बघावा लागतो. बाबा गेले. मी तिला सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिलाय, लिफ्ट बोलते, दिवे आपोआप लागतात, आणि ती दिवसभर एकटी असते. लहानपणी मला गावात सोडून ती शहरात आली. आता मी तिला शहरात सोडून इकडे यायचं.

गेले महिनाभर राजाभाऊंनी अख्ख्या देशाच्या प्रगतीचा हिशेब मांडला होता, आणि त्यात गुइलान कुठेच नव्हती. त्यांचा जीव कळवळला. त्यांनी लॅपटॉप उघडला, ती स्लाइड काढून टाकली आणि परत मिटला.

तिला इथे आणायचं म्हटलं तर कागद होतील, युन पुढे म्हणाली, पण तीच नाही म्हणते. परक्या मुलखात, कुणाशी बोलता येणार नाही, तुझ्या गळ्यात धोंड होईन, म्हणते. युनने संत्र्यांची पिशवी टेबलावरून शोभनाकडे सरकवली आणि खाली बघत विचारलं,

“काकू, आई आली तर दिवसा तिला तुमच्याकडे सोडू का?”

शोभनाने पिशवी बाजूला केली आणि उष्ट्या हातानेच पोरीचा हात धरला.

“लाव तिला फोन,” ती म्हणाली. “आत्ता लाव.”

तिकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते. पडद्यावर आधी नुसतं कपाळ आलं, मग डोळे, मग एकदाची सगळी गुइलान. केस पांढरे झाले होते, वाळली होती. तिने पहिलं विचारलं ते जेवलात का. राजाभाऊंना एकाएकी हसू आलं आणि रडूही. त्यांनी आपलं लख्ख ताट उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

गुइलानने फोन नाकाजवळ नेला. निरखून पाहिलं.

“त्याचं पोट भरलेलं नाही,” ती काळजीने म्हणाली. “शोभना, वाढ त्याला.”

“मी नाही वाढणार,” शोभना म्हणाली. मोडक्यातोडक्या चिनीत, पण आवाज अगदी घरचा. “वीस वर्षांच्या वर झाली, मी थकले आता. तूच ये आणि वाढ. आणि माझ्याकडे पानात थोडं टाकलंस तरी चालेल.”

गुइलानने डोळ्यांना बाही लावली, खिडकीकडे पाहिलं, परत पडद्याकडे वळली.

“तिकडे थंडी किती असते?” तिने विचारलं.

युनने तोंडावर हात ठेवला. उत्तर द्यायला राजाभाऊ पुढे सरसावले, पण एकदा तोंड उघडलं की ज्यांना आवरावं लागतं त्या राजाभाऊंच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी शोभनानेच सांगितलं, की थंडी असते, पण घर गरम असतं.